ग्रुपची वाटणी

खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांसाठी सजीशने आणि त्याच्या चार मित्रांनी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर फुकट होतं, आणि दीनम्माची मेहनतही फुकटच होती. सहा वर्षं ती इरिंजालकुडाच्या वाचनालयातलं आपलं काम आटोपून, बिनदुधाच्या कट्टन चहाचा ग्लास शेजारी ठेवून, फोनवरच्या ग्रुपमध्ये केरळभरच्या ग्रंथपालांच्या अडचणी सोडवत बसे. प्रोग्रामची खरी चूक कुठली आणि कोण नुसतंच भलतं बटण दाबतंय, हे तिला बरोबर कळे. खरी चूक असली की त्याच ग्रुपवर ती सजीशला सांगे.

एक दिवस सजीशने ग्रुपची वाटणी केली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा वेगळा, वापरणाऱ्यांचा वेगळा. त्यात गैर काही नव्हतं. रोजच्या शंभर प्रश्नांच्या गलक्यात कुणाचं डोकं चालणार? पण दीनम्मालाही त्याने पहिल्या ग्रुपमधून काढलं. तिने फोन करून कारण विचारलं.

"चेची, तुम्हाला कोडमधलं काय कळतं?" तो म्हणाला. तिला तो चेची, म्हणजे ताईच म्हणे. "आम्हाला शांतपणे काम करू द्या. लोकांची गाऱ्हाणी तिकडच्या तिकडे निस्तरा."

"बरं," दीनम्मा म्हणाली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

महिन्याभराने नवी आवृत्ती चाचणीला आली. ओट्टप्पालमचे ग्रंथपाल परमेश्वरन माष, सत्तरी ओलांडलेले निवृत्त मास्तर, त्यांनी लगेच लिहिलं की परत आलेली पुस्तकं यादीत अजून वाचकाकडेच दिसतायत. दीनम्माने स्वतः करून पाहिलं. चूक खरी होती. सजीशचा नंबर तिच्याकडे होता. तिने माषांना 'बघते' एवढंच कळवलं आणि आठ दिवस मूग गिळून बसली.

नवी आवृत्ती दीडशे वाचनालयांत गेली आणि एकच गोंधळ उडाला. आपण सांगितलंय म्हणजे दुरुस्ती झाली असणार, या भरवशावर माषांनीही ती घेतली होती. यादी बघून ते एका शिक्षिकेच्या दारात गेले आणि तिने कधीच परत केलेलं पुस्तक मागितलं. चारचौघांत तिने त्यांना फैलावर घेतलं.

सजीश पहिल्यांदाच वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. तेवढ्यात माषांचा आवाजी निरोप आला, "मोळे, अगं पोरी, मी तुला वेळेवर सांगितलं होतं ना? पुढे कळवलंस की नाही?"

"कळवलं होतं, माषे," दीनम्माने लिहिलं. "तिकडे आपलं कोण ऐकतं?"

हे खोटं आहे, हे तिच्याखेरीज एकट्या सजीशला माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर आपणच तिला हाकललं, हे दीडशे ग्रंथपालांसमोर कबूल करावं लागणार होतं. बराच वेळ तो काहीतरी लिहितोय असं दिसे, मग तेही नाहीसं होई. दीनम्मा टक लावून बघत होती.

"चूक माझी आहे, माषे," शेवटी त्याने लिहिलं. "माफ करा."

माषांनी पुढच्या आवाजी निरोपात त्याची बिनपाण्याने केली. ते बोलणं दीनम्माने दोनदा ऐकलं. त्या भल्या माणसाशी आपण खोटं बोललो हे तिला डाचत होतं, तरी तिने तिसऱ्यांदा ऐकलं.