गुंजनचं सरासरी वय

गुंजन बाळंतपणात गेली. पण घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलंय. तेव्हा ती गेलीच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ.

पिपरी मेघेत पुंडलिकरावांचं किराणा दुकान. थोरली मयुरी आरोग्य-सर्वेक्षणात कामाला. संशोधनापुरतं संख्याशास्त्र शिकायला ती सेवाग्रामला जायची. एकदा जेवताना बापानं सहज विचारलं, "काय शिकवून राह्यले तिथं?"

"सरासरी, बाबा. सगळ्यांची वयं जोडायची अन् माणसांनी भागायचं."

पुंडलिकरावांना ते फार आवडलं. शिक्षणातून कामाचं असं काही घरात पहिल्यांदाच आलं होतं.

महिन्याभरात धाकट्या गुंजनला मागणी आली. ती दहावीत होती. मयुरीनं कायदा सांगितला. पुंडलिकरावांनी गल्ल्याजवळचा कॅल्क्युलेटर ओढला.

"तुह्यं चोवीस, तिचं सोळा. आले वीस. कायद्याले दोन वर्सं जास्तच देऊन राह्यलो."

"बाबा, ते दोघींचं मिळून हाये. तिचं एकटीचं नाई."

"मंग बहीण कायले झाली? दे तिले थोडं."

"दे न ताई, चार वर्सं," गुंजन हसत म्हणाली. तिला तो खेळच वाटला.

मयुरीनं तक्रारीसाठी फोन उचलला. आई, सुलोचनाबाई, पोळी लाटतच म्हणाल्या, "लाव. बापाले जेलात धाड. तू बिनलग्नाची घरी बसली म्हनून तिची घाई करा लागली, हे कोनी शिकवलं नाई का तिथं?"

मयुरीनं फोन ठेवला. लग्न लागलं. जेवणात बुंदी होती.

वर्षाच्या आत, अंगात रक्त नाही म्हणून, जे घडलंच नाही ते सासरहून दवाखान्याच्या वाटेवर घडलं. सासरच्या ग्रामपंचायतीत नोंदीसाठी वय विचारलं तेव्हा पुंडलिकराव वीस म्हणाले. खोटं बोलतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. हिशेब तर बरोबर होता.

मग मयुरीनं तिथल्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला:

"महोदय, माझी मयत बहीण गुंजन हिचे वय वीस नोंदले आहे. त्यातील चार वर्षे माझी आहेत. ती मला परत नकोत. सदर वर्षे गुंजनला प्रत्यक्ष जगण्यास देण्यात यावीत, व ती पूर्ण होईपर्यंत मृत्यूची नोंद स्थगित ठेवण्यात यावी, ही विनंती."