टाक्यांचा सत्कार

"टाक्या खाली घ्या रे, फोटोत दिसल्या पाह्यजेत," हणमंतराव म्हणाले, आणि नरसिंगच्या मस्तकात तिडीक गेली.

नरसिंग नांदेडच्या शोध पथकाची पिकअप चालवायचा. शेजारी पाणबुड्या बसवंत, मागे हवा भरलेल्या तीन टाक्या. जळकोटकडच्या तलावात देविदास नावाचा तरणा माणूस काल मोटारीच्या पाइपातलं गवत काढायला उतरला, तो वर आलाच नव्हता. त्याला काढायला निघालेल्यांना वाटेतल्या गावचे पुढारी हणमंतराव यांनी फाट्यावर अडवून हा सत्कार मांडला होता. हलगी तेवढी लावली नव्हती, हेच उपकार.

"साहेब, तिथं त्याची माय बसून हाय," नरसिंग म्हणाला. "टाक्यांना हात लावू नगा. आडव्या टाकून, पट्ट्यांनी आवळून आणल्यात."

"आवो, आमची माणसं परत ठिवतेत की. गावावरून पथक तसंच गेलं तर लोक काय म्हनतील?"

लोक काय म्हणतील, झालं. माणूस जगो की मरो, पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय सोडायचं नाही. बसवंतला बांधला, नरसिंगला बांधला. टाक्यांना हळदकुंकू लागलं, हार पडले, नारळ फुटला, वर भाषण. खांद्यावरच्या शालीची नरसिंगला किळस आली. पण ती काढून फेकायचा धीर झाला नाही, आणि त्याची त्याला जास्त किळस आली.

टाक्या परत चढल्या त्या उभ्या, बॅनरच्या सुतळीनं बांधलेल्या. नरसिंग पट्ट्या आवळायला मागं गेला, तर हणमंतरावांची गाडी पुढं हॉर्न वाजवत उभी.

"चला की आता, कामून उशीर करून राहिले?" काचेतून हणमंतराव ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"जाऊ दे, निघ," बसवंत वैतागून म्हणाला. पट्ट्या तशाच सोडून नरसिंग गाडीत बसला.

रस्ता कसला, नुसते खड्डे. थोडं अंतर गेलं नाही तोच मागं आदळआपट झाली आणि फुस्स आवाज सुरू झाला. टायर बसला असं वाटून नरसिंग उतरला. सुतळी तुटली होती. टाक्या एकमेकींवर आदळून तिघींतल्या दोघींच्या तोट्या वाकल्या होत्या आणि हवा जोरात बाहेर पडत होती. बसवंतनं त्याला दंडाला धरून लांब ओढलं. आवाज थांबेपर्यंत दोघं बांधावर उभे राहिले. हणमंतरावांची गाडी केव्हाच पुढं निघून गेली होती.

ते तलावावर पोचले त्याच्या आधी फोटो पोचला होता. काठावरचे लोक मोबाइलमध्ये बघत होते आणि मग ह्यांच्याकडं बघत होते. देविदासची आई, पार्वतीबाई, पाण्याकडं तोंड करून बसलेली. बसवंत उरलेली टाकी पाठीवर घेऊन उतरला. तळाशी गाळ आणि बुडालेल्या बाभळी. हवा संपत आली तसा वर आला, मान हलवली, आणि सवयीनं दुसऱ्या टाकीसाठी हात पुढं केला. मग त्याचा त्यानंच मागं घेतला.

नांदेडहून दुसऱ्या टाक्या सकाळी येणार होत्या. ऊन कलत होतं. हणमंतराव बाजूला उभे राहून फोनवर सांगत होते, "हाव, हाव. शोध जोरात चालू हाय. आपुन सोता हजर हाव इथं." थू त्या जिभेला.

म्हातारीला खरं काय ते सांगायचंच, हणमंतरावाचं नाव घेऊन सांगायचं, असं ठरवून नरसिंग तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"आजची रात बी त्यानं पाण्यातच काढायची का?" तिनं विचारलं.

"माय, टाक्या..." तो म्हणाला. सुतळी कुणी बांधली आणि तसाच गाडीत कोण बसला, दोन्ही एकदमच तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं.

"उद्या येताना कुठं थांबू नगा, बाबा," पार्वतीबाई म्हणाली.

आवाजात राग नव्हता. शेजारणी तिला घरी न्यायला आल्या होत्या. तिनं मान हलवून त्यांना नको म्हटलं, पदर कानावरून घट्ट ओढून घेतला आणि पाण्याकडं सरकून बसली.