दोस्तीचा खांब

रंगूबाई दोराखालून वाकून आत शिरू पाहत होती, तेवढ्यात पोलिसानं पुन्हा तिच्या पाटीला काठी लावली.

"मागं सर, म्हातारे. सायेब येनार हाईत."

"आरं, रोज हितंच बसून भाजी इकती मी!"

"आज न्हाय."

बारामतीच्या चौकात नवा खांब उभा राहिला होता. इंग्रज सरकार आणि नीरेपलीकडचं संस्थान यांची दोस्ती दगडात कोरली होती: एकमेकांत घट्ट धरलेले दोन हात. अलीकडची रयत या दोराला, पलीकडची त्या दोराला, मधे चुना मारलेलं रिकामं मैदान. दोस्तीला एवढी जागा कशाला लागते कोण जाणे!

रंगूबाईची लेक छबू पलीकडे दिलेली. लग्नात मानाच्या फेट्यावरून व्याही सर्जेराव बिथरले आणि भर मांडवात गरजले होते, "ह्या दारचं पानी मी पिनार न्हाय. माझी सूनबी ह्या दारात पाऊल टाकनार न्हाय!" पहिलं बाळंतपण माहेरचं, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. नातू झाल्याचा नुसता निरोप आला. रंगूबाईचा जीव तिळतिळ तुटला. आज संस्थानातून गाड्या भरून माणसं येणार असं कळलं, तशी ती नातवासाठी शिवलेलं दुपटं भाजीखाली घालून पहाटेच पिंपळीहून निघाली होती.

भाषण संपता संपेना. रंगूबाई बसली, उठली, टाचा उंचावून पाहू लागली.

आणि समोरच्या दोराला छबू दिसली. कडेवर लाल टोपडं. शेजारी घामानं डबडबलेले सर्जेराव.

"छबेऽ!"

पण तेवढ्यात साहेबानं आणि संस्थानच्या कारभाऱ्यानं हात मिळवले, अन् टाळ्यांत हाक बुडाली. मोटारी गेल्या. पलीकडचे गाडीवान बैल जुंपू लागले. रंगूबाई दोराखालून घुसली ती थेट खांबापाशी. छबूही धावली, पण मागून आलेले सासरे खाकरले आणि ती जागीच थिजली.

रंगूबाईनं पाटी उतरवली. पाटीतला तांब्या पुढं केला.

"पानी घ्या, पाव्हणं."

"माझा सबूद ठावं हाय न्हवं, इहीनबाई?"

"हाय की. पर ह्यो चौक हाय. माझं दार तकडं पिंपळीत."

सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे. उभ्यानंच घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या.

"पोराला ऊन लागतंय," ते सुनेकडं न बघता म्हणाले. "दे आजीच्या पदराखाली."

दुपट्याला मेथीचा वास लागला होता. रंगूबाईनं त्यातच नातवाला गुंडाळलं आणि तिला रडू फुटलं.

"सर्जेराव, चला की!" गाडीवान ओरडला.

"आलो, आलो," म्हणत सर्जेराव खांबाच्या सावलीत खाली बसले.