तळघरातली ओळख

जोनेलनं सहलीच्या पहिल्याच तासात एक खोटं बोलून टाकलं. मिलवॉकीकडे निघालेल्या व्हॅनमध्ये अकरा मुलं होती, त्यांत काळी ती एकटीच. ‘शहरातली गरिबी आणि वंशसंबंध’ असा सहलीचा विषय. गाडी हमरस्त्याला लागली तशी प्राध्यापक हॉल्व्हर्सनबाईंनी पुढच्या सीटवरून विचारलं, “जोनेल, नॉर्थ साइडला तुझं कुणी आहे का गं?”

दहा माना तिच्याकडे वळल्या.

“छे, आम्ही उपनगरातले.”

तसं ते अर्धं खरं होतं. ती नऊ वर्षांची असताना आईला इस्पितळात बरी नोकरी लागली आणि मायलेकी उपनगरात गेल्या. पण त्याआधीची सगळी वर्षं तिनं नॉर्थ साइडच्या काळ्या वस्तीतच, ओझेला मावशीच्या घरात वरच्या मजल्यावर काढली होती. नात्यानं ती आईची मावशी, पण अख्खी गल्लीच तिला मावशी म्हणायची. कातडी कमावायच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून तिनं ते घर घेतलं होतं. आईची रात्रपाळी असली की जोनेलच्या वेण्या घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं मावशीच बघायची. कॉलेजात गेल्यापासून दोन वर्षं मात्र जोनेल तिकडे फिरकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका चर्चच्या तळघरात वस्तीतल्या लोकांबरोबर जेवण होतं. एका टेबलाला दोन विद्यार्थी आणि वस्तीतलं एक माणूस. जोनेलशेजारी कर्स्टन होती, हातात छापील प्रश्नांचा कागद घेऊन. समोरची खुर्ची ओढून जी बसली ती ओझेला मावशी.

मावशीचा चेहरा उजळला, दोन्ही हात पुढे आले. ती काही बोलणार तोच जोनेलनं घाईघाईनं आपला एक हात पुढे केला.

“नमस्कार. मी जोनेल.”

मावशीनं त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं. मग तो हातात घेतला.

“भेटून बरं वाटलं. मी मिसेस टॉलिव्हर.”

कर्स्टननं कागद सरळ केला. “या वस्तीत तुम्हाला भीती वाटते का?”

“वाटते की. गेल्या वर्षी अशीच एक व्हॅन आली होती बाळा. मी दारातल्या ट्यूलिपना पाणी घालत होते, तर चौघं उतरून फोटो काढायला लागले. म्हणाले, फुलांची कुंडी जरा बाजूला घेता का? पोपडे आलेली भिंत नीट दिसत नव्हती त्यांना.”

कर्स्टन लाल झाली. “घरी कोण असतं तुमच्या?”

“एकटीच. पूर्वी वर बहिणीची नात राहायची. आता कॉलेजात आहे. हुशार आहे हो फार.”

“येते भेटायला?”

मावशीनं मक्याच्या पावाचा तुकडा मोडला. “अभ्यास असतो गं तिला.” मग ती जोनेलकडे वळली. “तुम्ही काहीच खात नाही. आवडलं नाही का तुम्हाला?”

जन्मात मावशीनं तिला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. जोनेल खाली मान घालून ताटातलं अन्न चिवडत राहिली.

संध्याकाळी सगळे गोल करून बसले. कर्स्टनला रडू आलं. “इतकी एकटी बाई, तरी किती समाधानी!”

“समाधानी नाहीये ती!” जोनेल ओरडली. “माझी मावशी आहे ती. आणि मी ओळख दाखवली नाही तिला.”

कुणीतरी रागावेल, निदान तोंड तरी फिरवेल, असं तिला वाटलं. कर्स्टननं तिला मिठी मारली. बाईंचे डोळे भरून आले. “किती धीरानं बोललीस! लिहून काढ हे. कॉलेजच्या मासिकाला असंच काहीतरी हवंय.”

सकाळी व्हॅन निघण्याआधी जोनेल चालत मावशीच्या घरी गेली. मावशी आली, पण जाळीचं दार तिनं उघडलं नाही.

“मावशी, चुकलं माझं.”

“हात पुढे केलास ते मी सोडून दिलं होतं. बावरली पोर, म्हटलं. केक येईपर्यंत वाट बघितली, कॉफी येईपर्यंत बघितली. शेवटी त्या गोऱ्या मुलीनं मला कोट घालून दिला, जिना चढवून दारापर्यंत सोडलं. तू ताटं गोळा करत होतीस.”

“काल संध्याकाळी मी सांगितलं सगळ्यांना. तू माझी मावशी आहेस म्हणून.”

“बरं. मग काय म्हणाले?”

“म्हणाले, लिहून काढ.”

मावशी हसली, ते हसू बघवेना. “मग लिहा की. निघा आता, गाडी चुकेल तुमची.” आतलं लाकडी दार तिनं आपटलं नाही, हळूच लोटलं. कडी मात्र घातली.

जोनेलनं लिहिलं. नाही म्हणायचं असं मनाशी घोकत होती, पण बसली आणि एका बैठकीत लिहून झालं. लेखाला बक्षीस मिळालं, कॉलेजच्या अध्यक्षांनी भाषणात त्यातला उतारा वाचला. मासिकाचा अंक आईच्या घरी पोचला त्या आठवड्यात आईचा फोन आला.

“मावशीला कुणीतरी सांगितलंय या लेखाबद्दल,” आई म्हणाली. “वाचायला मागतेय. नेऊन देऊ?”

“नको,” जोनेल म्हणाली.