पोथीत पीठ नसते

माही सासू मनकर्णाबाई कोणावरच भरोसा ठेवे नाही. पोटच्या पोरावर नाही, मंग मी तर सून! ज्वारीचं पीठ दळून मडक्यात भरलं की वरून सपाट करे आन् त्याच्यावर आपल्या हाताचा पंजा दाबे. पाचही बोटं उमटत. मागं कोणं मूठभर पीठ काढलं तर पंजा मोडणारच. वावरातून आली की हातपाय धुवाच्या अगोदर ती मडक्यात डोकावे. असं होतं ते वडनेरचं घर. तिथं मले नुसता खोकला आला तरी विचारे, "कोणाले इशारा केला वो?"

मी वरवट बकालची. बापानं मले शाळेत घातलं होतं, म्हणून आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटीच. श्रावणात पोथी वाचाची ती म्याच. तेवढ्यापुरती सासू छाती फुगवून बसे. म्हणे, "आमच्या सोजराचा गळा पाहा कसा हाये!"

आमचे हे, शेषराव, नांदुऱ्याच्या जिनिंगात कामाले होते. तिथला एक कारकून नागपूरले बदलून गेला. जाताना त्यानं यायले एक जुनी कादंबरी देऊन टाकली. ती घरी आली आन् गल्लीत बोभाटा झाला, की सोजराकडं नवी पोथी आली. दुपारी बायका तुरी निवडाले आमच्या ओसरीत जमल्या. शेजारच्या झुंबरबाईनं पुस्तक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाह्यलं, वरून झेंडूचं फूल ठेवलं.

"बाई, ही पोथी नाही, कादंबरी हाये," म्या म्हटलं.

"अक्षरं हायेत ना? मंग पोथीच."

आता सांगाचं काय अशा बाईले! मी वाचाले लागली. त्यात राजा नव्हता, राक्षस नव्हता. एक घर होतं, सासू होती, तिचा मुकाट पोरगा होता आन् नवी सून होती. एक दोन दिवस बायका कंटाळल्या. "देव कधी येते वो यात?" रुखमाबाई सारखी विचारे. मंग हळूहळू त्यायले गोडी लागली. तुरी हातात तशाच राहत आन् तोंडं उघडी.

एक दिवस म्या नवा अध्याय उघडला आन् वाचत गेली. 'सासूबाईंनी पीठ मडक्यात भरले, ते सपाट केले आणि त्यावर हाताचा पंजा उमटवला. सुनेने चिमूटभरही घेतले तर कळावे म्हणून.'

वाचता वाचता माही जीभ अडली. अंगावर काटा आला वो! मनात म्हटलं, हे तर आमचंच घर! आन् त्या अडखळण्यातच माहा घात झाला. पोथी वाचताना मी कधी अडखळत नसे.

"बंद कर," मनकर्णाबाई म्हणे. "पोथीत देव असते, राजा असते, रानात गेलेली राणी असते. पीठ कुठून आलं त्यात? पोथीत पीठ नसते. हे तू तुह्या मनचं सांगून राह्यली."

"आत्याबाई, तुमच्या पायाची आण. हे छापलेलं हाये, पाहा."

म्या पान तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिनं ते ढकललं.

"काय पाहू? मुंग्या? मले वाचता येत नाही, म्हणूनच तर तुह्यं फावलं. लेकी बोले सुने लागे, हे ऐकलं होतं. इथं तर सून बोले आन् सासूले लागे. चार बायकांत माही अब्रू काढाले पोथी आणली काय वो?"

आन् तिनं त्या पानाचा कोपरा दुमडला. मले तवा समजलं नाही काऊन. बाई लय पोचलेली होती. वाचता येत नसलं तरी पुरावा कसा ठेवाचा, ते तिले बराबर समजे.

त्या दिवसापासून माह्यं जगणं हराम झालं. मी पाण्याले गेली की मागून येऊन पाहे, कोणाशी बोलते. मी हसली तर कोणावर हसली? नाही हसली तर तोंड काऊन पाडलं? बायका बी माह्याकडं चोरावानी पाहत. खाईन त्याले खवखवन म्हणतात ना! म्या मात्र ती वावरात गेली की चुलीपाशी बसून पुस्तक वाचून काढलं. पुढं आणखी काय वाढून ठेवलं हाये, ते मले पाहाचं होतं. शेवटपर्यंत त्यातली सासू खाष्टच राह्यली. ती तशी काऊन, ते लिहिणाऱ्यानं कुठंच सांगतलं नव्हतं.

मंग एक दिवस तिनं लेकाले सांगतलं, "हिले वरवटले सोडून ये. परत आणाची नाही. रोहिणखेडची एक पोरगी माह्या पाहण्यात हाये."

आमचे हे मायसमोर मातीचे बैल. पण त्या दिवशी कसं काय तोंड फुटलं देव जाणे! म्हणे, "माय, एकडाव गुलाम रसूल मास्तरकडून तेच पान वाचून घेऊ. नाही निघालं तर मी सोडून येतो."

बाई कबूल झाली, पण तिच्या कायद्यानं. मास्तरले काही सांगाचं नाही. सुनेनं आतल्या खोलीत बसाचं, नाहीतर खाणाखुणा करन. आन् गाडी जुपून दारात उभी ठेवाची. माह्यं गाठोडं सकाळीच गाडीत पडलं होतं.

गुलाम रसूल मास्तर आमच्या शाळेवर होते. मोठा अदबीचा माणूस. सगळ्या बायका जमल्या. मनकर्णाबाईनं त्यायले चहा देला आन् दुमडलेलं पान उघडून हातात ठेवलं. "मास्तर, इथून वाचा. मोठ्यानं."

मी दाराच्या फटीले कान लावून उभी. मास्तर झ्याक वाचत होते. आता पीठ येईन, आता पंजा येईन... आन् मास्तर थांबले. घसा साफ केला. मंग वाचलं, 'संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या.'

अगे माय वो! मधलं सारंच गाळलं त्यानं!

"नाही निघालं! नाही निघालं!" बायकांनी एकच कल्ला केला. मनकर्णाबाई उठली. "शेषराव, घे हिले. गाडी हाक."

एकडाव गाडी हालली असती तर मी जन्माची टाकलेली बाई झाली असती. मंग म्या लाजबीज चुलीत घातली. पदर डोक्यावर ओढला आन् परक्या माणसासमोर सरळ ओसरीत येऊन उभी राह्यली.

"मास्तर, तुमच्या इमानाची कसम हाये. जे गाळलं ते वाचा."

मास्तरची मान खाली गेली. "बाई, यायच्या घरचा चहा पेलो. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सासूबद्दल असं कसं वाचू? मले शरम वाटली."

"वाचा," मनकर्णाबाई म्हणे.

मास्तरनं वाचलं. मडकं, पीठ, पंजा, सुनेची चिमूट. अक्षर न् अक्षर तेच. मंग झुंबरबाई हळूच म्हणे, "खरं सांगू? पिठावर पंजा मी बी दाबते. मले वाटलं, माह्या सुनेनंच सोजराच्या कानात घातलं. म्या घरी जाऊन तिले दोन ठेवून देल्ल्या."

"माय वो! म्या बी!" रुखमाबाईनं तोंडाले पदर लावला.

पण मनकर्णाबाईचा संशय एवढ्यानं जाते थोडाच! "मंग त्या लिहिणाऱ्याले कोणं सांगतलं? हिनंच कळवलं असन."

मास्तरनं पह्यलं पान उघडलं. "मनकर्णामाय, हे पुस्तक मोठ्या दुकाळाच्या अगोदर छापलं हाये. ही तवा जन्माले बी आली नव्हती."

दुकाळाचं नाव निघालं आन् बाई मटकन खाली बसली. मंग बोलाले लागली, कोणाकडं न पाहता.

"मोठ्या दुकाळात माह्या घरी पीठ होतं. दारात कोणी आलं की माहा हात थांबे नाही. याले मूठभर, त्याले मूठभर. मडक्यात किती राह्यलं, कधी पाह्यलंच नाही. एक दिवस हात घातला तर बूड लागलं. माही गिरजा भाकर मागत मागत गेली. याच्या अगोदरची पोरगी." तिनं लेकाकडं बोट केलं. आमचे हे तिच्याकडं पाहतच राह्यले. त्यायले बहीण होती, हे त्यायलेच माहीत नव्हतं.

"तवापासून माहा माह्या हातावर भरोसा नाही. तुमच्यावर कुठून ठेवू?" मंग तिनं वर पाह्यलं. "सोजरे, तू वाचलं असशीन सारं. त्या सासूचं लेकरू गेलं होतं का वो? ते लिहिलं हाये का त्यानं?"

मले तिचा लय राग होता. खोटं कायले बोलू, आजही हाये थोडा. पण ती बाई अशी पाहून राह्यली होती, की नाही म्हणाले माही जीभ उचलली नाही.

"हाये, आत्याबाई. पुढं हाये."

"वाच."

म्या मास्तरच्या हातून पुस्तक घेतलं आन् एक पान काढलं. त्या पानावर कोणाच्या तरी लग्नाचा मांडव होता, वाजंत्री होती. मास्तर माह्या बाजूलेच बसले होते, त्यायले सारं दिसत होतं. मी वाचाले लागली. 'त्या सासूची एक मुलगी होती. ती उपाशी गेली. त्या दिवसापासून ती बाई हसली नाही. रोज पीठ भरताना तिला ती मुलगी दिसे, आणि सुनेला ती हे कधी सांगू शकली नाही.' या वेळेस मी अडखळली नाही.

मास्तरनं पानाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं आन् चूपचाप टोपी सारखी केली.

मनकर्णाबाईनं पदरानं डोळे पुसले. "शेषराव, गाडी सोड," म्हणे. मंग पुस्तकाले दोन्ही हात जोडले.

"हा माणूस खरं लिहिते," म्हणे.