पूर्ण नाव सांग

ब्लॉग हा शब्द आमच्या सिंदीत आला दोन हजार सात साली, दिवाळीनंतर. आणला निकेश सरांनी. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. घरी कापसाची दलाली, पण सर रमायचे मुलांत. शाळेला कोणीतरी कॉम्प्युटर देणगी दिला आणि सरांनी वर्गाचा ब्लॉग उघडला. मुलं कागदावर लिहायची, त्यातलं बरं असेल ते सर टाइप करून टाकायचे, खाली लेकराचं नाव.

माझ्या उत्पलाचे तर पाय जमिनीला लागेनात.

"आई, अमेरिकेतल्या माणसाले आपली गल्ली दिसते का वं आता?"

"दिसत नाही. वाचता येते."

"मंग तेच झालं ना!"

तिनं लिहिलं होतं ते मुंगवड्यांवर. आमचं घर जिनिंगच्या मागं. हंगामात कापसाचा भुरका उडून अंगणात येतो आणि वाळत घातलेल्या वड्यांवर बसतो. आजी एकेक वडी उचलून फुंकते, कारखान्याला शिव्या देते, आणि तरी जेवताना बाबांच्या दातात धागा निघतोच. शिव्या सरांनी गाळल्या होत्या. बाकी सगळं होतं तसं होतं.

मी बी.एस्सी. झालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला शिकवणी घ्यायला जायची. त्या दिवशी घरी उत्पला आणि सासूबाई दोघीच. माझा स्वभाव काळजीचा, उत्पलाचे बाबा म्हणतात, "तू तर दूध तापायच्या आधीच फुंकर मारतेस." खरं आहे ते. म्हणूनच त्या शुक्रवारी शिकवणी आटोपल्यावर मी वर्ध्याच्या नेट कॅफेत शिरले. लेकीचं लिहिलेलं वाचायचं होतं, आणि खाली कोण काय म्हणतंय तेही.

नागपूरच्या मावशीनं शाबासकी दिली होती. पुण्याच्या कोणा बाईंनी मुंगवड्यांची कृती विचारली होती. आणि एकानं, नाव फक्त 'गाववाला', लिहिलं होतं : "मस्त लिवलं. कोणाची वं तू पोरी? सिंदीत कुठची?"

त्याखाली उत्तर होतं.

"मी उत्पला अश्वजित थूल. रेल्वेतले गँगमन कवडू थूल यांची नात. आमचं घर जिनिंगच्या मागे, निळं दार, बाजूला हातपंप. बाबा सकाळच्या गाडीने नागपूरला ऑफिसात जातात. आई मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला जाते, तेव्हा मी आणि आजी असतो. तुम्ही कोणाचे? घरी या."

आणि त्याखाली पुन्हा तो. "येतो ना. परवा गेलतो तिकडून. तू दोरीवर उड्या मारून राह्यली होती. आजी नाई दिसली."

त्या दिवशी शुक्रवारच होता. कॅफेवाल्यानं सुटे पैसे परत द्यायला हाक मारली, ती मला रस्त्यावर ऐकू आली. गाडीला वेळ होता म्हणून मिळेल त्या जीपमध्ये बसले. सेलूपर्यंत आले, तिथून दुसरी. वाटेत काय काय डोळ्यांसमोर आलं ते लिहीत नाही.

उत्पला अंगणात होती. हातपंपाच्या ओट्यावर बसून पेरू खात होती. "आज लवकर आली वं!" म्हणाली. कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. निकेश सर हसतमुखानं उठले.

"उत्तर मीच टाइप केलं, ताई. पोरीनं जसं सांगितलं तसं. मोठ्या माणसानं 'कोणाची' म्हणून विचारल्यावर गप्प राहणं बरं दिसत नाही ना? आणि आपलाच कोणी असेल. भाषा पाहा त्याची."

"सर, त्याखालचं वाचलं का तुम्ही?"

त्यांनी वाचलं नव्हतं. माझ्यासमोरच वाचलं. मग म्हणाले, "माझी पुतणी तिसरीत आहे."

मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी त्याच दिवशी सगळं पुसायला लावलं. ठाण्यात गेलो, तर तिथं विचारलं, "घरी आला का कोणी? नाई ना? मंग?" तो माणूस कोण, ते कधीच कळलं नाही. परमुलखातून चार दिवस गावी आलेला कोणी असेल. नसेलही.

संध्याकाळी मी उत्पलाला समोर बसवलं. "कोणी नाव विचारलं, घर विचारलं, तर सांगायचं नाही. बाबांचं नाही, आजोबांचं नाही. काही नाही."

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. जिजाबाई थूल, दहा घरी ऐकू जाईल असा आवाज.

"काऊन नाई सांगाचं? मीच शिकवलं तिले. पूर्ण नाव सांग, बापाचं सांग, आज्याचं सांग, अन् मान वर करून सांग."

"आई, काळ बदलला आता."

"बदलला ना! म्हणून तं सांगतो आमी. माह्या बापाले कोणी नाव पुसलं का तो खाली पाहे. पुढचा म्हणे, पूर्ण सांग. पूर्ण सांगतलं का मागं सरके. छप्पनात दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात कोणी नाव गिळलं नाई. अन् तू पोरीले गिळाले शिकवून राह्यली?"

"ते वेगळं होतं, हे वेगळं आहे."

"नऊ वर्साच्या पोरीले कसं समजन वेगळं?"

 मी त्या माणसाचा मजकूर काय होता ते सांगितलं, 'आजी नाई दिसली' इथपर्यंत. सासूबाईंनी पदर सावरला.

"चहा ठेवाले आत गेलती मी," त्या म्हणाल्या. 

ब्लॉग परत सुरू झाला तो पुसट होऊन. नाव नाही, गाव नाही. सव्वीस जानेवारीला सरांनी मुलांचं लिखाण छापून व्हरांड्यात टाचण्यांनी लावलं. मुंगवड्यांचा कागद मधोमध. खाली फक्त 'चौथीतील एक विद्यार्थिनी'. सासूबाई पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. वाचता येत नाही, पण कागदासमोरून हलत नव्हत्या.

कापड दुकानाच्या मंदाबाई वाचता वाचता हसायला लागल्या. "अवो, दातात धागा! हे कोणाचं हो? कोणाची पोरगी हे?"

उत्पला तिथंच, कागदाला खेटून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाई, काकू," ती म्हणाली.

सासूबाईंचं तोंड उघडलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. मंदाबाई पुढच्या कागदाकडे सरकल्या.

मी वाकून उत्पलाच्या कानाशी म्हटलं, "इथं सांगायचं गं. इथं सगळे आपल्या ओळखीचे, आपल्यासारखं बोलणारे."

"तो बी तसाच बोलत होता ना, आई?"

मी सरळ झाले. मंदाबाई अजून दोन पावलांवरच होत्या. हाक मारून सांगता आलं असतं. उत्पलानं टाचणी नीट बसवली आणि आजीचा हात धरून तिला झेंड्याकडे घेऊन गेली.