कोऱ्या भिंतीचा फोटो

दीपा दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी आली, चपला काढल्या आणि समोरची भिंत बघून दारातच थबकली. बुद्धांची एक आणि बाबासाहेबांची एक तसबीर जिथं असायची तिथं नुसते दोन खिळे होते, आणि खिळ्यांखाली रंगाचे दोन चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. कोपऱ्यात कोकणात न्यायच्या बॅगा भरून ठेवलेल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फोटो काहून काढले?"

राजदीप बॅगेची चेन ओढत बसला होता. तिचा नवरा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. कारखान्यात साहेबालाही उलट बोलेल, पण घरात अवघड प्रश्न आला की काहीतरी हातात धरून खाली बघायची त्याची जुनी खोड.

"कपाटात आहेत. चादरीत नीट गुंडाळले."

"कुठं आहेत ते नाही विचारलं मी."

प्रकरण असं होतं. लॉजचं भाडं परवडत नाही अशा लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. सुट्टीत तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या. आधी एकमेकांना खोल्यांचे फोटो पाठवायचे, पटलं की चावी शेजारी ठेवून निघायचं. यवतमाळात कोण येणार, असं दीपाला वाटलं होतं, पण टिपेश्वरच्या जंगलातला वाघ बघायला लोक तयार होते. आधी कोल्हापूरचं एक कुटुंब ठरलं, मग अलिबागचं. दोघांनाही हॉलचा फोटो गेला आणि दोघांच्याही घरी अचानक अडचण निघाली. एकाची सासू आजारी पडली. दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा आली, तीही ऐन दिवाळीच्या सुट्टीत. दीपा भोळी, तिनं त्या सासूच्या तब्येतीची दोनदा चौकशीही केली होती.

तिसरे रत्नागिरीकडचे जाधव. ते मात्र चटकन हो म्हणाले, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दीपा ड्यूटीवर असताना राजदीपनं त्यांना कोणता फोटो पाठवला हे तिनं बघितलंच नव्हतं. आता विचारायची गरजही उरली नव्हती.

"आपलं इंगोले आडनाव मराठ्यांतही चालते," राजदीप म्हणाला. "फोटो दिसला नाही त कोणी काही विचारत नाही. चार दिवसाचा त प्रश्न आहे."

"चार दिवस बाप कपाटात ठेवाचा?"

"आईसाठी केलं मी."

"आईचं नाव नका घेऊ. आईले समजलं त तुमच्या हातचं पाणी नाही पिणार त्या."

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात सासू येऊन उभी राहिली. तुळसाबाईचा सगळा जन्म घाटंजीकडं लोकांच्या वावरात कापूस वेचण्यात गेला. समुद्र तिनं टीव्हीवर पाहिलेला, तोही शेजारच्यांच्या.

"त्याले नको बोलू, पोरी," ती म्हणाली. "मीच सांगतलं काढाले."

ही तीच बाई. पूर्वी भाड्याच्या खोलीत घरमालकानं तसबीर उतरवा म्हटलं, तेव्हा हिनं त्याच संध्याकाळी भांडीकुंडी हातगाडीवर टाकली होती. ही गोष्ट दीपानं माहेरी, दवाखान्यात, जिथं जाईल तिथं अभिमानानं सांगितली होती.

"तुम्ही खोली सोडली होती, आई."

"तवा माहे गुडघे चालत होते," तुळसाबाई म्हणाली. "आता मले समुद्र पाह्याचा हाये. पुन्हा कोण नेईन?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ. पण राग काही खाली बसेना, उलट त्या म्हातारीवर ही पाळी आली म्हणून जास्तच चढला. दीपानं कपाट उघडलं, चादर सोडली, दोन्ही तसबिरी खिळ्यांवर चढवल्या. हॉलचा नवा फोटो काढला आणि कोणी हात धरायच्या आत जाधवबाईंना पाठवला. खाली लिहिलं, "निघायच्या आधी आमचं घर नीट बघून घ्या. पटत नसेल तर सरळ सांगा, सासूला आजारी पाडू नका."

राजदीप बॅगेवरच बसला. तुळसाबाई आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आपण या बाईचा समुद्र घालवला हे दीपाला कळत होतं. तरी पाठवल्याचा पस्तावा नव्हता.

फोन वाजला. जाधवबाईच होत्या. दीपानं मुद्दाम स्पीकर लावला, काय शिव्याशाप येतील ते सगळ्यांनाच ऐकू येऊ देत म्हणून.

"ताई, हा फोटो आधी का नाही पाठवलात?"

"पाठवला असता त आले असते काय?"

"अहो, काय बोलताय," पलीकडचा आवाज भरून आला. "आमच्याही याच दोन तसबिरी मी सकाळीच ट्रंकेत ठेवल्यात. आमचंही दोनदा मोडलं, फोटो बघूनच. सासरे जेवले नाहीत माझ्यावर रागावून."

राजदीप हसला. "घरोघरी मातीच्या चुली," तो म्हणाला. आतून तुळसाबाई उठून आली, डोळे पुसत खाटेच्या कडेला टेकली.

दीपाला हसू आलं नाही. महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन घरं, दोन्ही भिंती कोऱ्या, आणि दोघंही कोणाला भ्यायले तर एकमेकांना. ज्यांनी भ्यायला लावलं ते आपापल्या घरी फराळ करत बसले असतील.

"ट्रंकेतल्या बाहेर काढा, ताई," ती म्हणाली. "भिंतीवर लावा अन् मगच निघा."

खरं तर इथं भागलं असतं. समुद्र हुकला नव्हता, घरात कोणी रुसलं नव्हतं. पण दीपानं ग्रुप उघडला आणि तोच फोटो तिथं टाकला. कोल्हापूरवाले, अलिबागवाले सगळे तिथं होते. निम्म्या जणांच्या हॉलच्या फोटोत देवघरं झळकत होती, त्यावर आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. थोड्या वेळानं ग्रुप चालवणाऱ्याचा निरोप आला. कृपया असले फोटो टाकू नयेत, फक्त घराचे टाकावेत.

"घराचाच आहे," दीपानं लिहिलं.

राजदीपनं तिच्या खांद्यावरून वाचलं. "काढून टाकतील तुले ग्रुपमधून."

"काढू द्या," ती म्हणाली. "ह्या टायमाले ते काढतीन. आपण नाही काढलं."